अध्यक्षसाहेब, तुमच्या पत्रकात आमचा पक्षकार कुठाय?

वकिलांच्या संघटनेचा नवा अध्यक्ष निवडून आला की आठवड्याच्या आत सभासदांना पत्रक येतं. पूर्वी ते सायक्लोस्टाईल करून बाररूमच्या फळ्यावर लागायचं, आता मोबाईलवर येतं. मजकूर तोच. बंधू-भगिनींनो, आपला व्यवसाय उदात्त आहे, आपण एकजुटीनं राहूया, वकिलांच्या सन्मानाला धक्का लागू देणार नाही. मग वेल्फेअर फंड, बसायला जागा, गाड्या लावायला जागा, स्नेहसंमेलन, क्रिकेटचे सामने. खाली सही. १४ एप्रिल आला की आणखी एक पत्रक येतं. त्याला निळी किनार, बाबासाहेबांचा कोटातला फोटो आणि ‘महामानवास विनम्र अभिवादन’. १५ एप्रिलला फोटो परत भिंतीवर आणि पत्रक परत पार्किंगवर.

मी शाहूवाडी तालुक्यातला. सनद घेतलेला, काळा कोट घालणारा, आणि आडनाव सांगितल्यावर समोरच्याच्या तोंडावरची रेघ कशी बदलते ते बघून बघून सरावलेला. तालुक्याच्या, जिल्ह्याच्या, राज्याच्या पुढाऱ्यांची असली पत्रकं मी वर्षानुवर्षं वाचत आलोय. कुणा एका अध्यक्षाशी माझं भांडण नाही. अध्यक्ष येतात, जातात. माझं भांडण त्या मजकुराशी आहे. त्यात वकील असतो, न्यायाधीश असतो, मंत्री असतो, पायाभूत सुविधा असतात. माणूस नसतो. ज्याच्या जिवावर आमची चूल पेटते तो पक्षकार नसतो. आणि त्यातही गावकुसाबाहेरचा पक्षकार तर औषधालाही नसतो.

तो कोण ते सांगतो. मलकापूरच्या स्टँडवरनं नाहीतर बांबवड्याच्या नाक्यावरनं एस.टी. धरून तो तारखेला येतो. आंब्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक असेल. त्या पावसात रोजगार बुडवून येतो. बगलेत पिशवी, पिशवीत प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेला सातबारा, फिर्यादीची नक्कल, जातीचा दाखला. कोर्टाच्या व्हरांड्यात दिवसभर उभा राहतो. पुकारा होतो. पुढची तारीख पडते. का पडली हे त्याला कुणी सांगत नाही. कधी कधी कारण एवढंच असतं, की आज वकिलांचं काम बंद आहे.

आता कुणी म्हणेल, गड्या, खंडपीठाच्या लढ्यात पक्षकारच तर होता! होता की. चाळीस वर्षांच्या वर चाललेल्या त्या लढ्यातल्या प्रत्येक निवेदनात तो होता. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, या सहा जिल्ह्यांतल्या गोरगरीब पक्षकाराला मुंबईचे हेलपाटे परवडत नाहीत, म्हणून कोल्हापूरला हायकोर्ट पाहिजे, हा आपला मुख्य मुद्दा. मुद्दा खरा होता. शाहूवाडीच्या माणसाला मुंबई म्हणजे चारशे किलोमीटरच्या घरात. रात्रीचा प्रवास, लॉजचं भाडं, वकिलाची फी, आणि तारीख पडली की सगळं पाण्यात. म्हणून वकील रस्त्यावर उतरले, उपोषणाला बसले, २०१३ साली तर कित्येक दिवस सहा जिल्ह्यांतली कोर्टं ओस पाडली. वकिलांना संपाचा हक्क नाही असं सुप्रीम कोर्टानं २००२ साली हरीश उप्पल यांच्या खटल्यात सांगून ठेवलं होतं, तरी पाडली. मी त्या बंदला नावं ठेवत नाही. बंद केल्याशिवाय या देशात कुणाच्या कानाला ऐकू येत नाही. पण त्या दिवसांत तारखा कुणाच्या बुडाल्या, जामिनाविना तुरुंगात कोण बसून राहिलं, याचा हिशेब कुठल्याही पत्रकात आला नाही. लढ्याचा खर्च ज्यांनी सोसला त्यांची नावं विजयाच्या पत्रकात नसतात, ही गोष्ट आपल्याला नवी नाही.

शेवटी बेंच आलं. १७ ऑगस्ट २०२५ ला उद्घाटन झालं, १८ ऑगस्टपासून काम सुरू झालं. उद्घाटन केलं सरन्यायाधीश भूषण गवई यांनी. सरन्यायाधीशपदावर बसलेला पहिला बौद्ध माणूस, आणि २००७ साली झालेल्या के. जी. बालकृष्णन यांच्यानंतरचा दुसरा दलित. शाहूंच्या कोल्हापुरात हायकोर्टाचं दार त्याच्या हातून उघडलं. मी ही गोष्ट छोटी करत नाही. त्या दिवशी माझाही ऊर भरून आला.

पण ऊर भरून येणं वेगळं आणि दार कुणासाठी उघडलं ते विचारणं वेगळं. ॲट्रॉसिटी कायद्यात २०१६ पासून १४-अ कलम लागू आहे. विशेष कोर्टानं आरोपीला जामीन दिला किंवा नाकारला, त्यावरचं अपील थेट हायकोर्टात. म्हणजे शाहूवाडीच्या एखाद्या वाडीत मार खाल्लेल्या माणसाला, आरोपी सुटून परत त्याच गल्लीत आला तर त्याविरुद्ध दाद मागायला मुंबई गाठावी लागायची. आरोपीकडं ऊस असतो, सोसायटी असते, गाडी असते. तो मुंबईला जाऊ शकायचा. फिर्यादी जाऊ शकायचा नाही. आता तीच दाद कोल्हापुरात आहे, एका एस.टी.च्या तिकिटावर. या बेंचचा सगळ्यात मोठा अर्थ कुणासाठी असेल तर तो या फिर्यादीसाठी. आणि मला आलेल्या अभिनंदनाच्या ढीगभर पत्रकांत ही एक ओळ नव्हती. पेढे होते, फेटे होते, ढोल होते, कोल्हापुरात व्यवसायाच्या संधी कशा वाढतील याचा आनंद होता. ॲट्रॉसिटीचं अपील हा शब्दसुद्धा नव्हता.

कायदा नाही असं नाही. कायदा आहे, आणि बऱ्यापैकी धारदार आहे. कलम १५-अ म्हणतं, फिर्यादीला कोर्टाच्या प्रत्येक कामाची वेळेवर नोटीस मिळाली पाहिजे, जामिनाच्या अर्जावर त्याचं म्हणणं ऐकलं पाहिजे. सुप्रीम कोर्टानं २०२१ साली हरिराम भांभी यांच्या खटल्यात सांगितलं, ही नोटीस ऐच्छिक नाही, सक्तीची आहे. १९९५ च्या नियमांतला ११ वा नियम म्हणतो, तपासाला, खटल्याला येणाऱ्या पीडिताला आणि साक्षीदाराला गाडीभाडं द्या, जेवणाचा खर्च द्या, बुडालेल्या दिवसाचे किमान वेतनाइतके पैसे द्या, आणि ते लगेच, नाहीतर तीन दिवसांच्या आत द्या. ४ था नियम म्हणतो, पीडिताला सरकारी वकिलावर भरवसा नसेल तर जिल्हाधिकारी त्याच्या पसंतीचा नामवंत वकील नेमू शकतो. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला फुकट वकील मिळतो, त्याचं उत्पन्न न बघता.

आता मला सांगा, तालुक्याच्या कोर्टापासून जिल्ह्याच्या विशेष कोर्टापर्यंत जाणाऱ्या आमच्या माणसांतल्या कितीजणांना ११ व्या नियमाचे पैसे मिळालेत? मी ज्यांना ज्यांना विचारलं ते माझ्याकडं असे बघत राहिले की मी त्यांची चेष्टा करतोय. हे सांगायचं काम कुणाचं होतं? पोलिसांचं, हो. समाजकल्याणचं, हो. पण ज्याच्याकडं सनद आहे त्याचं नाही? अध्यक्षानं एक पत्रक काढावं: ‘सभासदांनो, ॲट्रॉसिटीचा साक्षीदार तुमच्यासमोर आला तर त्याच्या भत्त्याचा अर्ज त्याच दिवशी लिहून द्या.’ दोन ओळी. याला किती शाई लागते?

नाहीतर काय होतं ते उघड आहे. फिर्याद दाखल होते. दुसऱ्या दिवसापासून मिटवामिटवी सुरू होते. सरपंच येतो, पोलीस पाटील येतो, पाव्हणे येतात. मिटवून घ्या, गावात राहायचंय ना? रानात काम बंद होतं, दुकानात उधारी बंद होते. साक्षीदार एकेक करून गळतो. चार-पाच वर्षांनी कोर्ट म्हणतं, पुरावा नाही, आरोपी निर्दोष. आणि मग तेच गाव, तेच पुढारी, आणि बाररूममधले आमचे काही ज्येष्ठसुद्धा चहाचा घोट घेत म्हणतात, बघा, ॲट्रॉसिटीच्या केसेस खोट्याच असतात. खर्ड्यात नितीन आगेला २८ एप्रिल २०१४ ला मारलं. सतरा वर्षांचं पोरगं. नोव्हेंबर २०१७ मध्ये सगळे आरोपी सुटले, साक्षीदार फितूर झाले. नितीन आगे खोटा होता काय? त्याचं प्रेत खोटं होतं काय? खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ ला भोतमांग्यांच्या घरातले चौघे संपवले, आरोपींना शिक्षा झाली, पण ॲट्रॉसिटीचं कलम काही टिकलं नाही. म्हणजे खून झाला, पण जातीनं केला नाही! साक्षीदाराला भाडं न देणारी, त्याला संरक्षण न देणारी व्यवस्थाच खटला खोटा पाडते, आणि मग तोच निकाल आमच्या तोंडावर फेकते.

यावर एक ठरलेलं उत्तर मिळतं. वकिलांची संघटना वकिलांची आहे, तिनं वकिलांचं बघावं, समाजसुधारणेचा मक्ता तिनं घेतलेला नाही. हे उत्तर देणाऱ्यांनी स्वतःचाच कायदा उघडून बघावा. १९६१ चा ॲडव्होकेट्स ॲक्ट, कलम ६. राज्याच्या बार कौन्सिलची कामं त्यात लिहिलीत. वकिलांचे हक्क जपणं हे काम आहेच. त्याच यादीत गरिबांना कायद्याची मदत उभी करणं हेही काम लिहिलंय. ९-अ कलमात त्यासाठी समिती सांगितलीय. म्हणजे मी काही भीक मागत नाही. ज्या कायद्यानं तुम्ही खुर्चीवर बसलात त्यातलंच अर्धं पान तुम्हाला वाचून दाखवतोय.

आणि सनदीचं म्हणाल तर तिची गोष्ट याच मातीतली आहे. शाहू महाराजांनी १९१८ साली महार वतन मोडलं, गावकीच्या वेठीतनं माणसं सोडवली. १९२० च्या आसपास त्यांनी अस्पृश्यांना वकिलीच्या सनदा दिल्या. पदवी कुठाय म्हणून त्यांनी विचारलं नाही, कारण पदवीची दारं कुणी बंद केली होती ते त्यांना ठाऊक होतं. शाळेच्या उंबऱ्याबाहेर बसवलेल्या माणसाला त्यांनी कोर्टात उभं केलं. बाबासाहेबांनी १९२३ साली मुंबईत वकिली सुरू केली, तेव्हा विलायतेचा बॅरिस्टर असूनही सॉलिसिटर लोक त्यांच्याकडं काम पाठवत नव्हते. त्याच बाबासाहेबांनी १९२६ साली पुण्यात जेधे-जवळकरांचा खटला लढवला आणि सोडवून आणला. चवदार तळ्याचं पाणी १९२७ साली प्यालो, पण ते आपलंही आहे हे हायकोर्टाकडनं वदवून घ्यायला १९३७ साल उजाडलं. दहा वर्षं! पाण्यासाठी! सनद म्हणजे आपल्याला हे हत्यार आहे. भिंतीवर लावायचं ते सर्टिफिकेट नव्हे.

या हत्याराची पुढं किंमत काय लावली बघा. ॲडव्होकेट्स ॲक्टनं नोंदणीची फी ठरवलीय: सर्वसाधारण माणसाला ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातीला १२५ रुपये. आणि देशभरातल्या बार कौन्सिलांनी काय घेतलं? कुठं पंधरा हजार, कुठं बेचाळीस हजारांपर्यंत. कसले कसले फंड, कसल्या कसल्या वर्गण्या. ३० जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टानं गौरव कुमार यांच्या खटल्यात सांगितलं, कायद्यापेक्षा एक पैसा जास्त घेता येणार नाही, असल्या फीनं दुबळ्या घरच्या पोरांची वाट अडते. पण आधी घेतलेले पैसे परत करायला लावलं नाही. मजुराचं पोरगं एल.एल.बी. होतं, आणि सनदीच्या पैशासाठी आई डोरलं मोडते नाहीतर पोरगं दोन वर्षं एम.आय.डी.सी.त राबतं. असल्या पोरांची संख्या कुणी मोजली? निकालानंतर कुठल्या अध्यक्षानं ‘आम्ही कायद्याबाहेर पैसे घेतले’ असं सभासदांना लिहिलं? माझ्या तरी वाचनात नाही.

सन्मानाचंही बघू, कारण पत्रकात सन्मान हा शब्द सगळ्यात जास्त येतो. १८ मे २०२५ ला महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलनं मुंबईत सरन्यायाधीश गवईंचा सत्कार केला. महाराष्ट्राचा माणूस सरन्यायाधीश होऊन पहिल्यांदा महाराष्ट्रात आला, आणि राज्याचे मुख्य सचिव, पोलीस महासंचालक, मुंबईचे पोलीस आयुक्त, तिघंही हजर नव्हते. त्यांना स्वतःला व्यासपीठावरनं बोलून दाखवावं लागलं. पुढं ६ ऑक्टोबर २०२५ ला भर सुप्रीम कोर्टात एका म्हाताऱ्या वकिलानं सनातनच्या नावानं घोषणा देत त्यांच्यावर बूट फेकण्याचा प्रयत्न केला. काळा कोट घातलेल्या माणसानं! बार कौन्सिल ऑफ इंडियानं त्याच दिवशी त्याची सनद निलंबित केली. सुप्रीम कोर्टाच्या वकील संघटनेनं ९ ऑक्टोबरला त्याचं सभासदत्व काढून घेतलं. चांगलं केलं. देशभर निषेधाची पत्रकं निघाली. मला आलेल्या पत्रकात होतं: न्यायसंस्थेवरचा हल्ला, संविधानावरचा हल्ला, वकिली व्यवसायाला काळिमा. सगळं होतं. जात हा शब्द नव्हता. सगळ्यात वरच्या खुर्चीत बसलेल्या माणसावर बूट उगारला जातो, तर शेवटच्या वाडीतल्या माणसावर काय काय उगारलं जात असेल, हा साधा प्रश्न त्या पत्रकाला पडला नाही.

त्यातनं एक गोष्ट मात्र पक्की झाली. मनात आणलं तर वकिलांची संघटना एका दिवसात हलते. तिच्याकडं ताकद आहे. पत्रकाच्या एका ओळीवर कोर्टं बंद पडतात. अमुक आरोपीचं वकीलपत्र कुणी घेऊ नये असा ठराव झाला की शंभर वकील मागं सरतात. असले ठराव बेकायदेशीर आहेत असं सुप्रीम कोर्टानं २०१० साली कोईमतूरच्या प्रकरणात सांगितलं, तरी ते होतात. म्हणजे नाही म्हणायला पत्रक पुरतं. मग हो म्हणायला का पुरत नाही? अमक्याचं वकीलपत्र घेऊ नका, हे सांगता येतं, तर बहिष्कारात अडकलेल्या वस्तीचं वकीलपत्र घ्या, हे सांगायला जीभ का अडखळते?

आपल्यातल्या काळ्या कोटवाल्यांनाही सोडायचं कारण नाही. आता आपलीही माणसं संघटनेत निवडून येतात. सहसचिव होतात, खजिनदार होतात. जयंतीला हार घालायला पुढं बोलावलं जातं, फोटो निघतो. पण मिटिंगमध्ये ॲट्रॉसिटीचा विषय निघाला की पाणी प्यायला बाहेर जातात. मतं जातील म्हणून. प्रस्थापितांच्या पॅनलमधली जागा जाईल म्हणून. दोस्तहो, त्या जागेपर्यंत तुम्ही एकटे चालत गेला नाहीत. तुम्हाला तिथं कुणाच्या तरी पायतल्या चपलांनी पोचवलंय.

जागेचं म्हणाल तर ॲडव्होकेट्स ॲक्टमध्ये बार कौन्सिलवर दलितांसाठी एक राखीव जागा नाही. डिसेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं राज्यांच्या बार कौन्सिलांवर बायकांसाठी ३० टक्के जागांचा आदेश दिला. योग्य झालं, आणि उशिरा झालं. पण ज्या कोल्हापुरानं २६ जुलै १९०२ ला निम्म्या जागा मागासलेल्यांना दिल्या, त्या कोल्हापूरच्या वकिलांनी तरी पुढचा प्रश्न विचारायला पाहिजे होता. तो प्रश्न पत्रकात लिहायला कुणाची परवानगी लागते?

म्हणून नव्या अध्यक्षांना माझं सांगणं आहे. पार्किंगचं लिहा, चेंबरचं लिहा, आम्हालाही गाडी लावायला जागा लागते. पण त्या आधी चार गोष्टी लिहा. एक, तालुक्यातल्या प्रत्येक ॲट्रॉसिटी फिर्यादीला १५-अ ची नोटीस मिळाली का ते सभासदांनी तपासावं, मिळाली नसेल तर त्याच दिवशी कोर्टाच्या नजरेस आणावं. दोन, ११ व्या नियमाच्या भत्त्याचा छापील मराठी अर्ज प्रत्येक बाररूममध्ये ठेवावा. तीन, कोल्हापूर बेंचपुढच्या १४-अ च्या अपिलांसाठी फी न घेता उभं राहणाऱ्या वकिलांची यादी लावावी, तालुक्याच्या कोर्टाच्या फळ्यावर, फोन नंबरासकट. चार, काम बंद ठेवायचंच असेल तर जामिनाच्या आणि अत्याचाराच्या कामाला हात लावू नये.

यातल्या एकाही गोष्टीला सरकारची मंजुरी लागत नाही, निधी लागत नाही, नवा कायदा लागत नाही. एक सही लागते. ती झाली नाही तर पुढच्या सर्वसाधारण सभेत मी हेच चार मुद्दे ठराव म्हणून मांडणार आहे. अनुमोदनाला एक माणूस लागतो. शाहूवाडीत, पन्हाळ्यात, राधानगरीत, जिथं जिथं आपलं पोरगं काळा कोट घालून व्हरांड्याच्या कडेला उभं आहे, त्यानं हात वर करावा. आणि ज्यांच्या अंगावर कोट नाही त्यांनी तारखेला येताना आपल्या वकिलाला एवढंच विचारावं: साहेब, माझा भत्त्याचा अर्ज लिहिलाय का?

जय भीम!